त्यानं मला मत दिलं नाही

कुपवाडच्या चौकात पावसानं सगळ्यांना चहाच्या गाड्याच्या ताडपत्रीखाली कोंबलं होतं. माझ्या शेजारचा उंच माणूस फोनवर बोलत होता.

"अरे, सांगलीत मंच सांभाळणारं कुणी नाहीच म्हणे... म्हणून साताऱ्याहून मला बोलावलंय, अध्यक्ष करायला."

माझ्या डोक्यात जाळ झाला.

"का? सांगलीतली माणसं मेली का?"

त्यानं दचकून फोन खाली घेतला. "माझ्याशी बोलताय?"

"तुमच्याशीच. मी संयोगिता. मंचाची सचिव... म्हणजे, जी नाहीच म्हणे, ती."

गुणवत्ता मंच म्हणजे आम्ही कारखान्यांतली काही माणसं. दर रविवारी, बिनपगारी, लहान वर्कशॉपवाल्यांना शिकवायचो - माल परत का येतो, चूक कुठं होते, ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. नोकरीला लागले तेव्हा मी साधी तपासनीस होते. चूक दिसली तरी साहेबांसमोर तोंड उघडायची नाही. मंचात शिकवता शिकवता बोलायला लागले आणि आज क्वालिटी मॅनेजर आहे. अध्यक्ष सुमंत सर स्वतःच म्हणाले होते, "माझ्यानंतर तूच बघ सगळं." बघ म्हणजे खुर्च्या मांड, हे मला आत्ता कळत होतं!

"मला खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मी देवदत्त." पापण्यांवर पावसाचे थेंब अडकले होते त्याच्या. ते मला दिसले, याचाही मला राग आला.

मी तशीच विश्रामबागेत सरांच्या घरी गेले. मागोमाग त्याची मोटरसायकल.

"अगं, मोठ्या कंपन्यांच्या साहेबांशी बोलायला तसा माणूस लागतो," सर म्हणाले. "आणि उद्या तुझं लग्न होईल, मग-"

"मग काय सर? अक्कल माहेरी ठेवून जायची असते?"

देवदत्त पुढं झाला. "सर, मी नाव मागं घेतो."

त्याला वाटलं असेल, मी आभार मानीन.

"तुम्हाला कुणी सांगितलं? मला खिरापत नको! उभे राहा. मतदान होऊ दे."

आता त्याचे कान लाल झाले. "मदत केली तरी ओरडता, नाही केली तरी ओरडता!"

"मग करू नका मदत. लढा."

"ठीक आहे. मग मी सोडणार नाही."

"सोडू नका!"

आणि हे दोनच शब्द बोलताना माझा आवाज का अडखळला... कुणास ठाऊक.

मतदानाच्या सभेपर्यंत तो दर रविवारी आला. मंचाच्या एका जुन्या सभासदाच्या, बाळासोंच्या वर्कशॉपमध्ये माझ्यानंतर त्यानं शिकवलं, कामगारांच्या शेजारी फरशीवर बसून. बाहेर आल्यावर म्हणाला, "तुम्ही उत्तर फार लवकर सांगता. त्यांना शोधू द्या की."

मी घरापर्यंत चिडचिडत गेले. पुढच्या रविवारी प्रश्न विचारला आणि थांबले. एका पोरीनं हात वर केला, मग आणखी एकानं. चूक त्यांनीच शोधली. भिंतीला टेकून तो बघत होता... हसत नव्हता, नुसता बघत होता.

"काय बघताय?"

"हरणार बहुतेक मी."

"तोंडदेखलं बोलू नका."

"तुमच्यासमोर? हिंमत आहे का कुणाची!"

सभेत सरांनी साताऱ्याच्या पाहुण्यांचं कौतुक चालवलं, तेव्हा बाळासो मधूनच उठले. "आवं सर, पावणं लय चांगलं हाईत. पर आमचं वर्कशॉप बंद पडायला आलं हुतं, तवा दर ऐतवारी कोण येत हुतं? ताईच न्हवं?"

हात वर झाले. मी निवडून आले. आणि देवदत्तचा हात - मी नीट पाहिलं - देवदत्तसाठीच वर झाला होता.

पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. "स्वतःलाच मत दिलंत?"

"तुम्हीच म्हणाला होतात, सोडू नका. तुम्हाला दिलं असतं, तर दया केली म्हणून जन्मभर ऐकवलं असतं."

"जन्मभर?"

तो गडबडला. हेल्मेट या हातातून त्या हातात. "म्हणजे... ऐकायला मिळणार असेल, तर."

माझा चेहरा तापला, आणि या वेळी रागानं नाही.

"दर रविवारी सांगलीला यावं लागेल," मी म्हणाले.

"येईन."

"भांडणं होतील."

"त्याच्याशिवाय करमेनासं झालंय मला." त्यानं हळूच माझा हात धरला.

तेवढ्यात सुमंत सर हार घेऊन आले. "मला माहीतच होतं गं, तूच योग्य आहेस!"

"नव्हतं माहीत तुम्हाला, सर," मी म्हणाले. राग होताच. अजूनही आहे.

पण सरांच्या देखत, देवदत्तच्या हातातला हात मी काही सोडवून घेतला नाही.