एका दात्याचा फरक

अर्धं तोंड बधिर झालेल्या माणसाने गप्प बसावं. हा मात्र बोलायला लागला.

"माघचा अॅक्थल बदला..."

दातांची डॉक्टरीण चमकून वळली. अक्कलदाढेच्या इंजेक्शनचा परिणाम होईपर्यंत खिडकीपाशी उभं राहून ती आत्याशी फोनवर बोलत होती — "अगं, एकदा चढावर बंद पडली म्हणून गाडी कुणाला देऊन टाकतात का?" — आणि खुर्चीतला पेशंट सगळं ऐकत होता.

त्याने खुणेनेच कागद मागितला. लिहिलं : 'मागचा अॅक्सल बदला. जुनी स्पोर्ट्स कार? मागच्या चाकांच्या गिअरला दाते किती?'

"दात मोजायचं काम माझं," ती म्हणाली. "आ करा!"

पण हसू काही तिला आवरलं नाही.

आई-वडिलांच्या मागे तिला आत्यानेच वाढवलं होतं. ती लाल, दोन सीटची गाडी तिच्याहूनही वयाने मोठी. सपाट, सरळ रस्त्यावर आत्या ती अशी पळवायची की शेजारी बसलेली ही लहानगी डोळे मिटून किंचाळायची. मागच्या वर्षी दोघी टेकडीवरच्या घरात राहायला आल्या. तिथल्या चढावर गाडी अडली, अर्ध्या क्लचवर आत्याचा गुडघा दगा देऊन गेला आणि गाडी घरंगळत मागच्या भिंतीला टेकली. अख्खी गल्ली बघत होती. त्या दिवसापासून आत्याने किल्ली खुंटीला लावली... आणि हळूहळू घराबाहेर पडणंही सोडलं.

रविवारी तो गाडी बघायला आला. एक गाल अजून सुजलेला. गिअरचं वर्कशॉप होतं त्याचं. गाडीखालून बाहेर आला तो नाकाला ग्रीस लावूनच.

"मागे दातेरी चक्रांची जोडी आहे. मोठ्या चक्राला एकोणचाळीस दाते, छोट्याला अकरा. म्हणजे इंजिनाकडून येणारा मधला दांडा साधारण साडेतीन वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. पळायला झकास. चढायचं म्हटलं की आढेवेढे घेते."

"मग न घेणारी जोडी बसवा. सगळ्यात जास्त चढणारी."

"तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर."

"एवढं लगेच ऐकता?"

"तासभर आ करून बसलोय तुमच्यासमोर... सवय झाली."

तिने मान फिरवली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या त्याला दिसू नयेत म्हणून.

नवीन जोडी बसली. त्रेचाळीसला दहा, म्हणजे चाकाच्या एका फेरीला दांड्याच्या सव्वाचार. गाडी चढ असा चढली, जणू चढ नव्हताच! आत्याचा चेहरा उजळला. मग सपाट रस्ता लागला. आत्याने वेग घेतला आणि इंजिन ओरडायला लागलं. जेवढा वेग, तेवढा कल्ला. ती दहा मिनिटांत परतली.

"छान झालंय हो. खूप कष्ट घेतलेत," आत्या अगदी सभ्यपणे म्हणाली आणि आत निघून गेली.

अंगणात दोघंच उरली.

"चूक माझी," तो हात पुसत म्हणाला. "गाडी कोण चालवणार, तिला आधी विचारायचं असतं. पण मी... मी तुमच्याकडे बघत होतो."

आत्याला विचारायचं तर तिलाही सुचलं नव्हतं.

त्याने गाडी परत नेली. त्याआधी मात्र आत्यासमोर बसला. वेग किती हवा, गुडघा कुठे दुखतो, क्लच किती वेळ धरवतो — सगळं विचारलं. आत्या पाऊण तास बोलत होती. कित्येक महिन्यांत एवढी बोलली नव्हती.

"एकोणचाळीसला दहा," शेवटी तो म्हणाला. "दोन्हींच्या मधली जोडी. तुमच्या जुन्या जोडीपेक्षा एकच दाता कमी. चढाला थोडा क्लच धरावा लागेल, आत्या."

"थोडा धरीन की! मी काय म्हातारी झालेय?"

आठ दिवसांनी गाडी आली. आत्या एकटीच गेली. पाऊण तास झाला, तास झाला, भाचीचा जीव खालीवर. सव्वा तासाने लाल गाडी सरसर चढ चढून आली. आत्याचा रुमाल कुठेतरी उडून गेला होता, केस पिंजारलेले.

"अगं, ऐंशीला नुसती गुणगुणते!" आत्या खाली उतरली आणि भाचीला मिठी मारून रडली.

दुसऱ्या दिवशी भाची त्याच्या वर्कशॉपच्या दारात उभी होती.

"आभार मानायला आलात?" त्याने विचारलं. आवाज जरा पडलेला. "काल आत्यांनी मानले की. तुम्ही कशाला... म्हणजे, उपकार वाटून कुणी माझ्याशी गोड बोलावं असं मला नकोय."

"उपकार आहेतच. माझी आत्या मला परत मिळाली, ते मी जन्मभर विसरणार नाही." ती दोन पावलं आत आली. "पण नुसते आभारच मानायचे असते तर फोन केला असता. दवाखाना बंद ठेवून, दोन बस बदलून कशाला आले असते?"

हातातला पाना ठेवायचंही त्याला सुचेना.

"मग... कशाला आलात?"

"इतकं सगळं मोजता येतं तुम्हाला," ती हसली, "आणि एवढं कळत नाही?"

त्याने पाना खाली ठेवला. हात काळे होते, म्हणून तो घाईघाईने फडकं शोधायला लागला... तिने वाट पाहिली नाही. त्याचा हात तसाच धरला.