बबीन्याची तिपाई

इंदू, दाराला कडी घाल आणि इथे येऊन बस. रघू, शेगडी जरा मध्ये घे. सांगतोय ते माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेलं आहे. विश्वंभर टिकेकर. झाशीला पार्सल ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा.

त्याला एकच नाद, जुन्या कॅमेऱ्यांच्या लाकडी तिपायांचा. कॅमेरा नको, नुसती तिपाई. हात फिरवून सांगायचा, हे सागवान, हे विलायती लाकूड. पायांना लोखंडी अण्या असल्या की बाहेर मातीत रोवायची, नसल्या की स्टुडिओतली. घरात अकरा होत्या. सुहासिनीवहिनी त्यांच्यावर ओली धोतरं वाळत घालायच्या.

सतरा जानेवारी एकोणसाठ, शनिवार. झाशीजवळच्या बबीन्याच्या बाजारात एका दिवंगत फोटोग्राफरच्या मुलाकडे तिपाई आहे असं कळलं आणि दुपारी ऑफिस सुटताच हा गेला. तिपाई अण्यांची होती. तिन्ही पाय सुतळीनं आवळून बांधलेले, गाठी काळ्या पडलेल्या.

मुलगा म्हणाला, "ले जाइए बाबूजी. पिताजी ने आख़िरी बार एक बारात के लिए खोली थी. फोटो हो नहीं पाई."

"क्यों?"

तो गाठींकडे बघत राहिला. "बारात लाइन पार कर रही थी. गाड़ी आ गई."

परतीची पॅसेंजर लेट. रात्रीचे आठ चाळीस. धुक्यात सिग्नलसुद्धा दिसेना. लोक आत मुसाफिरखान्यात शेकत बसलेले. विश्वंभर एकटाच फलाटाच्या टोकाला, शेवटच्या दिव्याखाली गेला. तिपाईच्या माथ्याच्या, म्हणजे कॅमेरा बसवायच्या फळीच्या, खालच्या बाजूला कारखान्याचं नाव कोरलेलं असतं, ते वाचायचं होतं. झाशीपर्यंत धीर निघेना. त्यानं सुतळी कापली, पाय फाकवून तिपाई उभी केली आणि वाकून नाव शोधू लागला.

वर पाहिलं तर समोर माणसं.

दोन रांगा. पुढची बसलेली, मागची उभी. सगळी नटलेली. मधे सेहरा बांधलेला नवरा मुलगा. कुणी हलत नव्हतं. सगळ्यांची नजर तिपाईच्या रिकाम्या माथ्यावर.

त्याला वाटलं, वऱ्हाड गाडीची वाट बघतंय. म्हणाला, "भैया, मेरे पास कैमरा नहीं है."



पुढच्या रांगेतली एक म्हातारी थोडी सरकली. तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

"आप इधर आ जाओ, भैया…" ती म्हणाली.

विश्वंभर मला म्हणाला होता, भीती वाटलीच नाही रे. बोलावतायत, नाही कसं म्हणायचं, असं वाटलं. तो निघाला.

एक पाऊल. दुसरं.



तिसरं.

मग त्याच्या मनात आलं, ही माणसं बसलीयत कशावर?

त्यानं खाली पाहिलं. एक पाय फलाटाच्या कडेबाहेर होता. खाली रूळ.

शिट्टी…

इंजिन धुक्यातून आलं. त्या दोन्ही रांगांमधून गेलं. कुणी ओरडलं नाही. कुणी उठलंही नाही. विश्वंभर मागच्या मागे कोसळला.

गाडी थांबली तसा उठून समोरच्या डब्यात चढला. तिपाई तिथेच राहिली. गाडीत मान वर केली नाही. झाशीला उतरून टांगा केला. टांगेवाल्यानं वाटेत दोनदा मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

वहिनींनी दार उघडलं. कंदील वर धरला.

"अहो… पौषात कुणाच्या लग्नाला गेला होतात?"

त्यानं कपाळाला हात लावला. बोटं लाल झाली. कुंकू अजून ओलं होतं, आणि त्यात तांदळाचे दोन दाणे चिकटलेले होते.