शेवटची बस आणि लांबुड्या

वर्षभर औषधाच्या दुकानात गोळ्या विकून विटलेली ती पहिल्यांदाच एकटी परदेशात फिरायला आली, आणि नेमकी त्याच आठवड्यात या शहराला सरकार पाडायची हुक्की आली. सकाळी हॉटेलवाल्याने हात वर केले. दुपारी सीमेपलीकडे जाणारी शेवटची बस सुटणार, मग रस्ते बंद.

ती सामान ओढत निघाली ती थेट मोर्चात. एका बाईने तिच्या हातात कापडी फलकाची काठी कोंबली, ‘आलेच’ अशी खूण केली आणि गेली ती गेलीच. दुसरी काठी एका उंच चष्मेवाल्याकडे होती. त्याची बाजू आभाळात, हिची जमिनीला.

“अरे लांबुड्या, जरा खाली धर ना,” ती पुटपुटली. इथे कुणाला कळणार होतं?

“खालीच धरलंय,” पलीकडून उत्तर आलं. “तुम्हीच वाकलाय.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुम्ही... आपल्याकडचे?”

“हो. लिफ्ट दुरुस्त करतो. फिरायला आलो होतो, आता बस पकडायची आहे.”

“मग हे कशाला धरलंत?”

“तुम्ही कशाला धरलंत?”

फलक टाकायची सोय नव्हती, मागच्यांच्या पायात आला असता. स्टँड याच वाटेवर होता, एवढंच नशीब.

“यावर लिहिलंय काय?” तिने विचारलं.

“देव जाणे. लोक टाळ्या वाजवतायत, म्हणजे बरंच असेल.”

पूल लागला तसा वारा सुटला. तो एकदम थबकला, खिसे चाचपले, तिच्याकडे बघितलं... आणि पुन्हा चालू लागला. काठी तिरपी करून त्याने सगळा भार स्वतःकडे ओढून घेतला. तेवढ्यात आईचा फोन.

“बसलीस का बसमध्ये?”

“बसतेच आहे गं.”

“मागे कसला आरडाओरडा?”

“बाजार आहे.”

“खोटं छान बोलता,” लांबुड्या म्हणाला.

“तुम्हाला कुणी विचारलं?”

तिला त्याचा राग येत होता. आणि त्या रागात मजा वाटत होती, हे तर विकतचं दुखणं.

स्टँडपाशी दोघा मोर्चेकऱ्यांनी काठ्या घेतल्या. बस इंजिन सुरू ठेवून उभीच होती.

“चला,” ती म्हणाली.

तो हलला नाही. “माझा पासपोर्ट हॉटेलवर राहिलाय. गादीखाली.”

“गादीखाली?”

“सुरक्षित राहावा म्हणून. पुलावर आठवलं.”

तिने कपाळाला हात लावला. “अहो, मग तेव्हाच मागे का नाही वळलात?”

“काठीच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही होतात,” तो म्हणाला.

ती झापणार, तेवढ्यात कंडक्टर ओरडला. ती चढली, खिडकीशी बसली. खाली तो हात हलवत होता, घरचं माणूस पोचवायला आल्यासारखा. याचं नावही आपल्याला माहीत नाही, तिच्या मनात आलं, आणि तिला रडूच कोसळलं. बस निघाली.

कोपऱ्यावर बस थांबली. ती सामानासकट उतरली. शिव्यांची भाषा तिला येत नव्हती, तरी कंडक्टर काय बोलला ते नीट समजलं.

लांबुड्या धावत आला. “काय झालं? का उतरलात?”

“तुम्ही आवडलात म्हणून,” ती चिडून म्हणाली. “उचला ही बॅग. आणि आईला फोन तुम्ही करायचा.”