चवथीची भरती तीनला

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथंच सोडा, माझं काही म्हणणं नाही.

मी प्रज्योत. माणगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सतरा वर्षं हाच धंदा. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली. आता करत नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती. गुरुवार, पाच डिसेंबर दोन हजार चोवीस. जागा, दिघीच्या खाडीकाठचा कोळीवाडा.

एका आईजवळ एकच गोष्ट उरली होती. ती माझ्या हातून गेली. म्हणून लिहितोय.

आदल्या दिवशी ऋतिकाचा फोन आला होता. "दादा, मशीन रोज आपोआप बंद पडतंय. घरून काम करते मी. साहेब म्हणाले, आणखी एकदा मधेच गेलीस तर दुसरी मुलगी बघतो."

कॉम्प्युटर तिच्या भावाचा, विनेशचा. पठ्ठ्याने एकेक भाग आणून स्वतः जोडलेला. दीड वर्षापूर्वी पोरगा खाडीच्या तोंडाशी होडीवरून पडला. सापडलाच नाही. तेव्हापासून मशीन चादरीखाली होतं. ऋतिकाने महिन्याभरापूर्वी कामासाठी बाहेर काढलं आणि हा त्रास सुरू झाला.

मी पोचलो तेव्हा एक वाजला होता. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, घरी बायकोचा उपास, त्यामुळे मलाही मासळी बंद. आणि इथं दारात सुके बोंबील! डोकं आधीच तापलेलं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. एका वेळी एकच भाग बदलायचा. बदलला की चालवून बघायचं. दोन भाग एकदम बदलले तर मशीन सुरू होईल, पण दोष कशात होता ते जन्मात कळणार नाही. सतरा वर्षं मी हा नियम मोडला नव्हता.

रॅम काढली, रबराने घासली, बसवली. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, मीटर लावून तपासला. ठणठणीत. पंखा साफ केला. बोर्डवर गंजाचा ठिपका नाही. खाऱ्या हवेत असं मशीन मी पाहिलं नव्हतं.

मग मशीनमधली नोंद उघडली. कधी बंद पडलं ते त्यात दिसतं.

सोमवारी बारा सत्तेचाळीस.

मंगळवारी एक एकतीस.

बुधवारी दोन सोळा.

रोज पाऊण तास पुढे... मला काही उलगडेना.

"आज तीनला बंद होईल." मागून आवाज आला.

ऋतिकाची आई, नीराबाई. दारात बोंबील निवडत बसली होती. मान वर न करता बोलली.

"कशावरून, मावशी?"

"आज चवथ. तिथीच्या पाऊणपट भरतीची वेळ, चाराचा पाऊणपट तीन. तीनला भरती पुरी भरते. होड्या भरतीलाच खाडीत येतात ना, बाला? माझा विनेश पन तवाच यायचा. धक्क्यावरनंच हाक मारायचा, 'आये... आलो गं.' आता ह्याच्यातनं मारतो. मग बंद होतं."

मी हसलो. हो, तोंडावर हसलो! म्हटलं, "मावशी, जुना पंखा घरघरतो. माणसाला हवं ते ऐकू येतं."

"मग बस तीनपर्यंत." ती शांतपणे म्हणाली. "पन दुरुस्त नको करूस. दिवसातनं एकदाच येतो तो."

"आये, माझं काम जाईल गं!" ऋतिका रडवेली झाली.

मी बसलो. मुद्दाम वायर भिंतीतून काढली आणि मशीन माझ्या बॅटरीवर लावलं. लाईटचा दोष असेल तर सुटेल. स्पीकर तर मशीनला नव्हतेच.

दोन पन्नास. सगळं व्यवस्थित.

दोन अठ्ठावन्न. खाडीचं पाणी धक्क्याला लागल्याचा आवाज येत होता. चुळुक... चुळुक...

मग तो थांबला.

बाहेर कावळे ओरडत होते, तेही थांबले. पंखा डोळ्यांसमोर फिरत होता... पण त्याचा आवाज येत नव्हता.

आणि मशीनच्या आतून, अगदी सावकाश...

"आये... आलो गं..."

नीराबाई बोंबील टाकून उठली. "ये बाला, ये. जेवन काढते."

स्क्रीन काळा झाला.

 मी सवयीने हात आत घातला. बोर्ड ओला होता. बोटं नाकाशी नेली, खाडीचा वास. टेबल मात्र कोरडं ठाक.

शहाणा माणूस तिथंच हात जोडून निघाला असता. पण ऋतिका म्हणाली, "दादा, काहीतरी करा." आणि मला माझा तोरा मिरवायचा होता. मशीन व्हॅनमध्ये घातलं. माणगावात कुठली आलीय भरती, म्हटलं.

नीराबाई व्हॅनच्या दारात आडवी उभी राहिली.

"नको रे नेऊस. पाया पडते."

ऋतिकाने तिला धरून बाजूला घेतलं. मी आरशात बघितलंच नाही.

शुक्रवार. पंचमी. पावणेचार.

माझं दुकान बाजारात. समोर रिक्षा, हॉर्न, वडापावची गाडी. समुद्र पन्नास किलोमीटर लांब.

तीन चव्वेचाळीसला हॉर्न ऐकू येईनासे झाले...

"आये..."

ह्या वेळी आवाज पुढे गेला नाही. थांबला. वाट बघत असल्यासारखा. मग पुन्हा, जरा घाबरून...

"आये?"

तिथं ओ द्यायला कोणी नव्हतं. मी होतो, पण माझी वाचा बसली होती. मी काय बोलणार होतो त्याला?

मशीन बंद झालं आणि माझी पाचावर धारण बसली. स्क्रू कुठे, पेचकस कुठे, काही भान नव्हतं. बोर्ड, रॅम, एसएमपीएस, तिन्ही एकदम उपटून काढले. सतरा वर्षांचा नियम गेला खड्ड्यात! बाहेर भंगारवाल्याचा टेंपो उभा होता. तिन्ही त्यात टाकले. तो निघून गेला तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

नवे भाग बसवले. हार्डडिस्क तेवढी जुनीच ठेवली, ऋतिकाचं काम होतं त्यात.

शनिवारी साडेचारला काही झालं नाही.

रविवारी मशीन पोचवलं. आजतागायत ते एकदाही बंद पडलेलं नाही. ऋतिकाचं काम टिकलं. लोकांना सांगते, प्रज्योतदादासारखा कारागीर नाही.

पंधरा दिवसांनी नीराबाई एसटीने माणगावला आली. एकटी. टोपलीत माझ्यासाठी सुकट आणली होती. दुकानाच्या पायरीवर बसली. वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाला," ती म्हणाली, "परत बिघडवून दे ना."

मला रडू फुटलं. गिऱ्हाईकं बघत होती, तरी फुटलं.

भंगारवाल्याच्या गोदामात दोन दिवस उपसत बसलो. तो म्हणाला, असले भाग मुंबईचे लोक घेऊन जातात. नीट करून जुन्या मशीनमध्ये बसवतात, पुन्हा विकतात. कोण लोक, त्याला ठाऊक नाही. आणि शोधायचं तरी काय? तिन्हींतल्या कशात होता तो? एकेक करून बदलले असते तर कळलं असतं. आता ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

नीराबाई अजून महिन्यातून एकदा येते. तेच विचारते. मी म्हणतो, "बघतो, मावशी." काय बघणार, डोंबल!

मला आता रोजची तिथी पाठ असते. भरतीच्या वेळी मी दुकानातले सगळे पंखे बंद करतो आणि ऐकत बसतो. काही येत नाही. आणि तेच मला सहन होत नाही. कारण तो कुठेतरी आहे. कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी टेबलाखाली. भरती भरली की हाक मारतोय, आणि ओ मिळत नाही म्हणून पुन्हा मारतोय.

तुम्ही जुना कॉम्प्युटर घेतला असेल आणि तो रोज पाऊण तास उशिरा बंद पडत असेल, तर हात जोडतो, दुरुस्त करू नका. मला कळवा.

आणि तोवर, त्याने हाक मारली तर घाबरून गप्प बसू नका. मी बसलो होतो. त्याला एवढंच सांगा, आये घरीच हाय, जेवन काढून बसलीय.