वैशाखातला नकाशा

तो पाणी पीत असतानाच मी त्याच्या हातातला तांब्या ओढून घेतला. आमची ओळख झाली ती अशी.

अठ्ठ्याऐंशी सालचा वैशाख. शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. माझ्या वडिलांची, आबांची, भाकर शेतात पोहोचवून मी परतत होते. कुरणाच्या कडेला पळसाखाली एक सडपातळ माणूस मांडीवर फळी घेऊन नकाशात रंग भरत बसला होता. त्याने पाणी मागितलं, मी दिलं. तो पिऊ लागला आणि माझी नजर नकाशावर गेली. शेतं हिरवी, पाझर तलाव निळा आणि आमच्या कुरणाचा सगळा उतार... पिवळा.

"पिवळं म्हणजे काय?"

"पडीक," तो म्हणाला, आणि तांब्या पुन्हा तोंडाला लावला.

तेव्हाच मी तो ओढला. पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं – थोडं नकाशावरही.

साठी उलटली माझी, तरी तो शब्द कानावर आला की अंगाची आग होते. दीडशे एकर गवत आमच्या गावाने राखलेलं. आषाढापासून दिवाळीपर्यंत तिथे शेळीसुद्धा शिरू द्यायची नाही. दिवाळीच्या पाडव्याला कुरण सुटायचं, सगळं गाव मिळून कापायचं आणि प्रत्येक घराला वाटा मिळायचा. वैशाखात तिथे कापून, चरून उरलेलं तापलेलं रान दिसणार, दुसरं काय?

लीलाधर त्याचं नाव. मूळचा जळगावच्या मेहरूणचा, धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयात सर्वेक्षक. ओला सदरा झटकत त्याने मला शांतपणे समजावलं. जमिनीचा वापर बदलला तर माती किती वाहून जाईल, पाणी किती मुरेल, याचं आकड्यांचं मॉडेल ते तयार करत होते. त्यांच्या तक्त्याप्रमाणे पडीक रानातून सगळ्यात जास्त माती जाते. म्हणून उतार नांगरायचा, बांध घालायचे, कपाशी लावायची. मातीही वाचेल, तलावही वाचेल.

"आणि ते पडीक नसेलच तर?"

तो नकाशावरचं पाणी टिपू लागला.

मला बोलल्यावाचून राहवेना. कुरणाच्या खाली तलाव, तलावावर गावातल्या सगळ्या विहिरी. गवताची मुळं सोडवून उतार नांगरला की पहिल्या दोन वर्षांत माती तलावात. मी म्हणाले, "टायफॉइडमधून उठले तेव्हा मला पाहायला मंडळी आली होती. अशक्त, रंग उतरलेली, असं सांगून गेली. वैशाखात पाहून कोणाबद्दल काही लिहू नये, साहेब."

त्याने हसू दाबलं. मला त्याचाही राग आला.

तेवढ्यात आबा आले आणि हे सगळ्या गावाचं आहे, असं आमच्या अहिराणीत सांगू लागले. "हाई कुरण शे, भाऊ. बठ्ठा गावनं शे. दिवाईले या, मंग देखा."

दिवाळीपर्यंत थांबता येणार नव्हतं, नकाशा भाद्रपदात द्यायचा होता. लीलाधर माझ्याकडे वळला. "तुमचं खरं असेल. पण मला आकडा लागेल. आमच्या तक्त्यात रागाचा रकाना नाही."

"देते आकडा."

मग त्यानेच दोन वाफे आखून दिले – एक कुरणात, एक चुडामणकाकांच्या नांगरलेल्या उतारावर. दोन्ही सारख्याच मापाचे. कडेने दगड, खालच्या टोकाला पत्र्याचं पिंप पुरलेलं. पाऊस पडला की पिंपातलं पाणी ढवळायचं, काचेची बाटली भरायची, गाळ खाली बसला की पट्टीने मोजायचा, आकडा त्याला कळवायचा आणि बाटली एसटीने धुळ्याला धाडायची.

तो पावसाळा मी चिखलात काढला. धुळ्याहून पोस्टकार्डं यायची. कार्ड उघडंच, त्यामुळे आमचा पोस्टमन पुना ते आधी पारावर वाचायचा. पहिली दोन कोरडी होती: पाऊस किती, गाळ किती. मी लिहिलं, "कुरण, दाणाभर. काकांचं शेत, चार बोटं. पडीक कोण?" तिसऱ्या कार्डाच्या शेवटी एक ओळ जास्त होती... "उतार निसरडा असेल, जपून जावं." पुनाने ती ओळ तीनदा वाचली. चुडामणकाका म्हणाले, "आमना पाय कव्हय नही दिसनात सरकारले."

मी घरात पळाले. कार्ड मात्र घेऊन.

भाद्रपदात कार्डं बंद झाली. पुढचं सगळं मला नंतर कळलं. त्याने माझ्या बाटल्यांच्या अकरा जोड्या साहेबांच्या टेबलावर मांडल्या होत्या. साहेब म्हणाले, नकाशा तयार आहे, दुरुस्ती पुढच्या वेळी करू. पुढच्या वेळी! तोवर नांगर फिरला असता. लीलाधरने आमच्या गावाच्या नकाशाच्या पत्रकावर सही केली नाही. सहीवाचून ते पुढे जाईना, म्हणून फेरपाहणी लागली आणि याची बदली नवापूरला. शेजारच्या गावाचं पत्रक दुसऱ्याने केलेलं होतं, तिथला पिवळा रंग तसाच राहिला. त्यांच्या उतारावर कपाशी आली, आणि सहा पावसाळ्यांत त्यांचा तलाव गाळाने भरला. तिथल्या बायका पुढे आमच्या विहिरींवर पाण्याला यायच्या. त्या साहेबांना त्यातली एक घागर उचलायला लावायला हवी होती.

पाडव्याला गवत छातीला लागत होतं. नव्या सर्वेक्षकाने लीलाधरच्या बदलीचं सांगत उभ्या-उभ्या पिवळा रंग खोडून 'कुरण' लिहिलं. मी विळा घेऊन कापायला वाकले, तर समोरून गवत बाजूला करत कोणीतरी येत होतं. लीलाधर एसटीने आला होता, रजा टाकून.

"बदलीचं एका कार्डावर लिहिता आलं नसतं?" मी विचारलं. दोन महिन्यांचा राग होता तो.

"पुनाने वाचून दाखवलं असतं."

"मग आता कशाला आलात?"

"पाहायला."

"दिवाळीत पाहून कोणीही चांगलंच लिहील."

"मी वैशाखात पाहिलं होतं," तो म्हणाला. "उन्हाने रापलेली... प्यायचं पाणी ओढून घेणारी. त्या दिवशी कुरणाबद्दल चुकलं माझं. तुमच्याबद्दल नाही चुकलं."

बांधावरचा तांब्या उचलून मी त्याच्या हातात दिला, आणि त्याचं पिऊन होईपर्यंत उभी राहिले.