ताणून घातलेले अस्तर

जेद्दात पाऊस पडतो तेव्हा शहर त्याला ऋतू समजत नाही, अपघात समजते. शाळांना सुट्टी जाहीर होते, भुयारी रस्ते बंद होतात आणि सगळे मोबाइल एकदम किंचाळून धोक्याची सूचना देतात. नोव्हेंबरातल्या अशाच एका अपघातात मी बलद या जुन्या वस्तीच्या बाजारात, यासीन नावाच्या येमेनी व्यापाऱ्याच्या कापडदुकानात अडकले. जेद्दाजवळच्या थुवालच्या विद्यापीठात मी तांबड्या समुद्रातल्या प्रवाळांवर संशोधन करते. कापडातले मला फारसे कळत नाही. आई गेल्यावर तिच्या काही सुती साड्या माझ्याकडे आल्या होत्या. त्यांची गोधडी शिवायची आणि तिला असे अस्तर लावायचे की एसीच्या गारठ्यात ते अंगाला मायेने लागावे, एवढाच विचार होता. माया तागा फाडून मिळत असेल तर माझी काही हरकत नव्हती.

तसे कापड तिथे होते. ब्लँकेटसारखे लवदार, पण पातळ. दोन बोटांत धरून ओढले की लांबणारे, सोडले की आखडणारे. राखाडी रंगाचा शेवटचा तागा उरला होता, आणि त्यावरून आधीच एक पुरुषी हात फिरत होता — उलट्या लवेने, सावकाश, डोळे मिटून.

"मांजर समजलाय की काय हा," मी पुटपुटले. परदेशात मराठी ही आपली खासगी मालमत्ता असते, असा आपला एक गैरसमज असतो.

"मांजर असतं तर एव्हाना ओरबाडलं असतं, बाय," डोळे न उघडताच तो म्हणाला. मग उघडले. "ते काम तुम्ही कराल असं दिसतंय."

त्याचे नाव अदनान. खाडीकाठच्या एका कोकणी गावचा, जेद्दातल्या एका दवाखान्यात दातांचा डॉक्टर. आखातातून घरी जाणारा प्रत्येक मुलगा आईसाठी तेच वजनदार, फुलाफुलांचे ब्लँकेट नेतो; त्याच्या अम्मीकडे अशी चार होती, चारही प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटावर. पांघरायला मात्र ती स्वतः शिवलेली गोधडीच घेई. तेव्हा ब्लँकेटचा मऊपणा गोधडीच्याच पोटाला लावून पाठवावा, असा त्याचा बेत होता.

"यल्ला, आधा-आधा करो, खलास!" यासीनने कात्री उचलली.

"अर्ध्यात माझी गोधडी व्हायची नाही," मी म्हणाले.

"माझीही नाही." तो थांबला. बाहेर रस्त्याचा ओढा झाला होता आणि त्यातून एक प्लास्टिकची खुर्ची मोठ्या दिमाखात वाहत चालली होती. "मग... एकच शिवली तर? म्हणजे — कापड वाया जाऊ नये म्हणून."

कान लाल झालेला दंतवैद्य मी त्याआधी पाहिला नव्हता. तागा अखंडच विकत घेतला.

गोधडी शुक्रवारी दुपारी शिवली जाई, थुवालला, माझ्या आणि इफराच्या घरात. इफरा हैदराबादची, माझ्याच प्रयोगशाळेतली. घराची अर्धी मालकीण आणि आमची पूर्ण पहारेकरी. आईच्या साड्यांचे चौकोन मी कापले. अम्मीच्या जुन्या सुती ओढण्या अदनानकडे होत्याच. गावाहून लोणच्याच्या बरण्या येत त्या त्यांतच गुंडाळून. त्यांचे चौकोन त्याने कापले, शस्त्रक्रियेच्या गांभीर्याने. एका ओढणीला खाराचा वास राहिला होता. तो चौकोन कुठे बसवायचा यावर आमचे पहिले भांडण झाले.

अस्तर कसे घालायचे यावर मात्र भांडण झाले नाही.

"अम्मी फरशीवर अंथरते, चारी बाजूंनी ताण देते, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवते," तो म्हणाला. "सुरकुती म्हणून दिसत नाही."

"आईसुद्धा तेच करायची. आमच्याकडे जात्याची तळी होती."

दोन धर्मांच्या दोन बायका, मध्ये अख्खा सह्याद्री, आणि जुन्या सुती अस्तराला ताण देण्याची रीत तंतोतंत एक. आम्हाला याचे इतके कौतुक वाटले की हे कापड सुती नव्हे, हा साधा विचार दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. कोपऱ्यांवर तांदळाच्या पिशव्या ठेवल्या, इफराची व्यायामाची वजने ठेवली, कडा चिकटपट्टीने फरशीला जखडल्या. कापड ढोलाच्या कातड्यासारखे ताठ झाले. वर साड्यांचे थर, त्यावर चौकोन. कडेकडून आत येत धावदोरा सुरू झाला.

"टाके फार मोठे घालतोस."

"तोंडात जागा कमी असते गं. इथं मोकळं रान मिळालंय."

"आणि भूल न देताच?"

"भूल तर पहिल्याच दिवशी पडली. मला."

"हे वाक्य किती पेशंटांना ऐकवलंस?"

"त्यांना नाही ऐकवत. तोंड उघडं असतं बिचाऱ्यांचं, उत्तर देता येत नाही. मला उत्तर लागतं."

मी दोरा दातांनी तोडला — आणि त्याने दचकून माझा हात धरला. "दातांनी नको! कात्री कशाला आहे?" हात सोडायला मात्र तो विसरला.

"सुई एकीच है क्या घर में?" इफरा चहाच्या कपाआडून म्हणाली. "दोनों के हाथ एकीच जगा कायकू? मैं इधरीच बैठी हूँ, याद है ना?"

महिने असे गेले. प्रेम हा शब्द आमच्यात कुणी उच्चारला नाही. तो इतक्या लोकांनी इतक्या ठिकाणी वापरून गुळगुळीत केला आहे की शहाण्या माणसाने त्याला हात लावू नये, असे माझे मत होते. लग्न हा शब्द मात्र त्याने एका शुक्रवारी काढला, सुईत दोरा ओवता ओवता, माझ्याकडे न बघता.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत... गावी जाऊन... तुझी इच्छा असेल तर."

माझी इच्छा होती. पण इच्छेला कोणताही देश कागदपत्र मानत नाही. इथे लग्न करायचे तर मला आधी कलमा पढावा लागणार होता. तिथे, भारतात करायचे तर विशेष विवाह कायदा आमच्या बाजूने होता. फक्त तो नोंदणी कार्यालयाच्या भिंतीवर आमची नावे, वये, पत्ते महिनाभर टांगून ठेवणार होता. हरकत असणाऱ्यांनी हरकत नोंदवावी म्हणून. हरकत ही आपल्याकडे पाऊस नसलेल्या वर्षीही भरघोस पिकते. अशा नोटिशीचा फोटो कुणीतरी काढतो, तो गटागटांतून फिरतो आणि मग पत्ता वाचता येणारे लोक पत्त्यावर येतात. अदनानच्या पत्त्यावर अम्मी राहत होती, आणि बाजारपेठेत धाकट्या भावाची बेकरी होती.

"एकच माणूस आहे," मी म्हणाले. "भाऊसाहेब."

भाऊसाहेब म्हणजे माझे वडील. सगळा तालुका त्यांना भाऊसाहेब म्हणतो, म्हणून आम्ही मुलीही. घर हे आमच्याकडे सभेचेच एक दालन होते. निवृत्त प्राचार्य. चाळीस वर्षे व्याख्यानमालांतून माणूस हाच धर्म असल्याचे सांगत आलेले. त्यांचे विद्यार्थी आता फौजदार आहेत, नगराध्यक्ष आहेत, आणि नोटिशींचे फोटो काढणारेही त्यांचेच विद्यार्थी आहेत. भाऊसाहेब आमच्यासोबत कार्यालयात आले, नोटिशीखाली उभे राहून 'ही माझी मुलगी, हा माझा जावई' एवढे बोलले, की हरकत घ्यायची एकाचीही छाती होणार नव्हती. ते पाठीशी आहेत म्हटल्यावर नगराध्यक्षांचा एक फोन कोकणापर्यंत गेला असता.

"बोलतील ते?" अदनानने विचारले.

"दुसरं काय करतात ते!"

मी त्यांना सविस्तर लिहिले. विचार करून फोन करतो, असे उत्तर आले. मी निर्धास्त होते. पोटच्या पोरीने बापाच्या भाषणांवर विश्वास ठेवावा, यात निदान तर्काला धरून काही गैर नाही.

शेवटचा टाका त्या शुक्रवारी पडला. चिकटपट्ट्या काढल्या, वजने बाजूला केली, दोघांनी दोन-दोन टोके धरून गोधडी उचलली — आणि ती आमच्या डोळ्यांदेखत आक्रसली. इतके महिने ओढून धरलेले अस्तर सुटताक्षणी आपल्या मूळ मापाला परत गेले, आणि जाताना वरच्या साड्या-ओढण्यांना आपल्याबरोबर खेचत गेले. वळ्याच वळ्या. चौकोन एकमेकांवर चढलेले. समुद्राच्या तळाशी मेंदूच्या आकाराचा एक प्रवाळ असतो; मी त्याची चित्रे आयुष्यभर काढत आले आहे. आता तो आमच्या हातात होता.

"अय्यो," इफरा म्हणाली. "ये तो भेजा बन गया."

अदनान आधी हसला. मग मी. हसता हसता मी फरशीवर बसले, तो शेजारी बसला, आणि त्याने त्या वळ्या दोघांच्या गुडघ्यांवर ओढून घेतल्या. उलट्या लवेने हात फिरवला. "मऊ तर आहे," तो म्हणाला. माझे डोके त्याच्या खांद्याला टेकले. इफराने कर्तव्य म्हणून भिंतीकडे तोंड केले.

फोन तेव्हा वाजला.

"अहिल्या, तत्त्व म्हणून माझा विरोध नाही," भाऊसाहेब म्हणाले. आवाज व्यासपीठावरचाच.

"मग कशा म्हणून आहे?"

"विरोध नाहीच म्हणतोय मी. वेळ पाहा. गावातलं वातावरण पाहा. समाजाची तयारी व्हावी लागते, बेटा."

"ती करायचं काम तुमच्याकडे होतं ना? चाळीस वर्षं?"

"तुला राग येणं स्वाभाविक आहे."

"गुरुवारी तुमचं व्याख्यान आहे. सलोख्यावर. तिथं तरी म्हणाल?"

"ते वेगळं असतं, अहिल्या. ते सभागृहात असतं."

एवढे प्रामाणिक वाक्य त्यांनी जन्मात दुसरे उच्चारले नसावे. ओढून धरणारे सभागृह नसेल तर माणूस आपल्या मूळ मापाला किती चटकन परत जातो, याचा दाखला माझ्या गुडघ्यांवर पडला होता. त्यांना तो समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे व्याख्यानाचा मसुदा नजर टाकायला पाठवला. मी टाकली. 'शुद्धलेखनाची चूक नाही,' असे कळवले. त्यांनी हात जोडल्याचे चित्र पाठवले.

अदनान पुढच्या शुक्रवारी उशिरा आला. बसला नाही.

"अम्मी म्हणते, कलमा पढ म्हणावं. फक्त नावापुरता."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी म्हटलं, ती नावापुरतं काही करत नाही." तो खिडकीकडे वळला. "नोटीस लावू या म्हणायला आलो होतो मी. खरंच. गाडी चालवत येताना दहादा म्हणून बघितलं. मग भावाचा फोन आला, बेकरीत नवी भट्टी बसवतोय, किती खूश होता! अहिल्या, आपण इथं समुद्रापार शूर व्हायचं आणि खिडक्या त्याच्या फुटायच्या... मला नाही जमत गं."

त्याला भेकड म्हणावे असे मला फार वाटले. तसे म्हटल्याने काम सोपे झाले असते. पण जो माणूस दुसऱ्याच्या काचा मोजतो त्याला तो शब्द लावता येत नाही, आणि जिथे तो लावता येत होता तिथे, भाऊसाहेबांच्या सभेत, लोक हारतुरे घेऊन उभे होते.

"बस," मी म्हणाले. "उसवायची आहे."

आम्ही समोरासमोर बसून उसवू लागलो. इफरा आज दार लोटून आपल्या खोलीत गेली. पहारा देण्यासारखे काही उरलेले नव्हते. ताणल्या जाणाऱ्या कापडाचा एक गुण आहे: टाका निघाला की त्याचे भोक आपोआप मिटते, लव वरून पसरते, सुई कधी गेलीच नव्हती असे ते दिसू लागते. जुन्या सुताला ते जमत नाही. आईच्या साड्यांवर भोकांच्या रांगा तशाच राहिल्या, दोन ठिकाणी कापड फाटलेही. तिच्या साड्या माझ्याकडे, ओढण्या त्याच्याकडे. खाराच्या वासाचा चौकोन त्याने माझ्या ढिगावर ठेवला. मी तो उचलून त्याच्या ढिगावर ठेवला. तो पुन्हा माझ्याकडे ठेवू लागला तेव्हा मी त्याचे मनगट धरले.

"आयर्लंडला नोकरीसाठी अर्ज केलाय," तो मनगटाकडे पाहत म्हणाला. "तुला सांगायचं राहिलं."

"सांगितलंस."

"तू काही बोलणार नाहीस?"

"बोलणाऱ्यांच्या घरात वाढलेय मी, अदनान. बोलण्यावरचा विश्वास उडालाय."

"मग मी बोलू?" त्याने विचारले. "एकदाच. त्याने होणार काहीच नाही, माहितीये मला..."

"काहीच होणार नसेल तर बोल."

तो बोलला. तो गुळगुळीत शब्द वापरलाच नाही. "बाय," तो म्हणाला, "रोज सकाळी पहिल्या पेशंटचं तोंड उघडायच्या आधी मी तुझं नाव घेतो. हात थरथरू नये म्हणून. आता कुणाचं घेऊ?"

ओठ घट्ट मिटून घेतले तरी जबडा थरथरत राहतो, हे दातांच्या डॉक्टरला सांगावे लागत नाही. त्याने अंगठा माझ्या हनुवटीखाली धरला, आणि थरथर थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"माझंच घे," मी म्हणाले. "त्याला कुणाची हरकत येणार नाही."