महिपती साळोख्यांचा हिवाळा

कोल्हापुरात आता हिवाळा एकाच घरात यायचा. उद्यमनगरामागच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, शालन साळोखे यांच्या गॅलरीत. बाहेर बारा महिने एकतीस अंश. पाऊस मनात आलं तर वैशाखात पडे, नाही तर आषाढही कोरडा काढी. शास्त्रज्ञांनी याला ‘ऋतुभंग’ असं भारदस्त नाव दिलं होतं. लोक नुसतं ‘ऋतू सुटले’ म्हणत, दावणीची गुरं सुटावीत तसं.

शालनबाईंच्या गॅलरीत काचेचं एक उभं कपाट होतं. दिवाळी झाली की त्यातला पारा तेरावर उतरायचा आणि फाल्गुनात पुन्हा चढायचा. आत एक आमरी होती. आमरी म्हणजे ऑर्किड. ही सह्याद्रीतली, जिला सीतेची वेणी म्हणतात ती. हिला माती लागत नाही. कोळसा आणि नारळाच्या सोडणावर मुळं पसरून ती चौतीस वर्षं बसली होती, आणि दर ज्येष्ठात तिला हातभर लांब, गुलाबी ठिपक्यांची वेणी लटकायची.

तिला वाढवलं शालनबाईंच्या नवऱ्यानं. महिपती साळोखे फाउंड्रीत मोल्डर होते. साच्याची वाळू मुठीत दाबून तिची ओल सांगायची हा त्यांचा धंदा, आणि तीच मूठ ते आमरीच्या सोडणावर चालवत. ऋतू बिघडायला लागले तेव्हा जुन्या फ्रिजचं यंत्र काढून त्यांनी हे कपाट बांधलं. ‘माणसं घामानं निथळत्यात आन् झाडाला गारवा,’ म्हणून शेजारी हसले. महिपतींनी मनावर घेतलं नाही.

खताचंही त्यांचं शास्त्र होतं. पावसाळ्याच्या महिन्यांत दर सोमवारी, कारखान्याच्या सुट्टीला, पाच लिटर पाण्यात चिमूटभर खत. श्रावण सरला की पानं वाढवणारं नत्र कमी आणि फुलांना लागणारं पालाश जास्त. दिवाळीनंतर खत बंद, पाणीही जेमतेम. फाल्गुनात पुन्हा तांदळाच्या धुवणापासून सुरुवात. आणि एकादशीला साधं पाणी. खताचे क्षार मुळांवर बसतात, ते धुऊन काढायला अधूनमधून साधं पाणी द्यावंच लागतं, हे पुस्तकातलं कारण. महिपतींचं कारण वेगळं होतं. घरात सगळ्यांचा उपास, मग हिनंच काय म्हणून जेवावं?

महिपती गेले त्याला दोन वर्षं झाली होती. शालनबाईंनी त्यांचा एकही सोमवार चुकवला नव्हता. ज्येष्ठात वेणी आली की त्या तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि दिवसभराचं सगळं नवऱ्याला सांगत.

अशाच एका दिवशी ऋतुविज्ञान केंद्रातल्या डॉ. ईशानी देशिंगकर त्यांच्याकडे आल्या. वेणीचा फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचला होता.

“मावशी, शाळू, आपली रब्बीची ज्वारी, का पिकत नाही, ठाऊक आहे?” ईशानीनं विचारलं.

“थंडी न्हाई म्हणून.”

“थंडी आम्ही यंत्रानं देऊन पाहिली. पण थंडीनंतर काय करायचं, हेच पीक विसरलंय. तुम्ही एखादी गोष्ट आठवणीत राहावी म्हणून पदराला गाठ मारता ना? झाडही मारतं. थंडी पडली, पाणी तुटलं, खत मिळालं की त्याच्या जनुकांवर एक रासायनिक गाठ बसते. जनुक बदलत नाही, पदर तोच राहतो. आम्ही त्याला ऋतुगाठ म्हणतो. पुढं या गाठी एकामागून एक सुटतात, आणि झाडाला कळतं, आता पोटरी, आता फूल, आता दाणा.”

“मग शाळूच्या गाठी कुठं गेल्या?”

“तीस वर्षांच्या गोंधळात पुसल्या. जंगलातल्या झाडांच्यासुद्धा. अख्खे ऋतू पाठ असलेलं झाड आम्हाला कुठंच मिळेना. हे एक मिळालं.”

या आमरीच्या गाठी शाळूच्या बियाण्यावर उतरवण्याची रीत ईशानीला सापडली होती. पण त्यासाठी झाडाचा वाढता शेंडा हवा होता, आणि सीतेच्या वेणीला शेंडा एकच असतो.

“शेंडा कापला तर?” शालनबाईंनी विचारलं.

“वाढ थांबेल. आहेत ती पानं वर्ष-दोन वर्षं जगतील.”

“आन् वेणी?”

ईशानीनं मान खाली घातली. शालनबाई उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. तो त्यांनी इतका उकळला की कडू झाला.

चार दिवसांनी त्यांनी स्वतःच फोन केला. “एकोणीस वर्षं मी मिरजेच्या दवाखान्यात जात होते. माझं रक्त अंगात तयार व्हायचं न्हाई. दर मार्गशीर्षात नऊ दिवस उपचार, आन् रक्ताच्या बाटल्या. कुणाकुणाचं रक्त चढलं, मला एकाचं बी नाव ठावं न्हाई. त्यांनी कुठं इचारलं, कुणाला देताय म्हणून? या, घिऊन जावा शेंडा.”

ईशानीनं शेंडा कापला तेव्हा त्यांनी कपाटाला हात जोडले आणि घळाघळा रडल्या. ईशानीही रडली. शास्त्रज्ञांनी रडू नये असा काही नियम नाही.

दुसऱ्या वर्षी मंगळवेढ्यापासून सांगोल्यापर्यंत साळोखे-बियाण्याचा शाळू उभा राहिला, पुरुषभर उंच आणि काळपट हिरवा. शेतकरी बांधावर नारळ फोडत होते. एवढंच झालं की दर पंधरा दिवसांनी एक दिवस पीक खत घेईना, नळ्यांतून आलेलं तसंच सोडून देई. केंद्रातले लोक आठवडाभर डोकं खाजवत बसले. शेवटी ईशानीनं घरातलं कॅलेंडर पाहिलं आणि एकटीच खो खो हसली. निम्मं सोलापूर एकादशी पाळत होतं.

मार्गशीर्षात मात्र तिचं हसू पळालं. एका सकाळी सगळ्या शिवारांतला शाळू थांबला. पानं सुरळीसारखी वळली, मुळांनी पाणी घेणं बंद केलं. दाणा भरायचा आठवडा होता. पाणी सोडलं, सावली केली, औषध मारलं, उपयोग शून्य. आठव्या दिवशी ईशानी धावत कोल्हापूरला आली.

शालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “बाई, आम्ही मिरजेला गेलोय.”

ईशानीला कळेना.

“नऊ दिवस घर बंद असायचं. ह्ये जाताना लाइटीचं मेन बटण बंद करायचे. कपाटात ना गारवा, ना पाणी, ना उजेड. एकोणीस वर्षं.”

आता ईशानीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिला वाटलं होतं की आपण ऋतू उतरवून घेतले. प्रत्यक्षात तिनं एका घराची रीत उतरवून घेतली होती, त्यातल्या दुखण्यासकट.

“आणि दहाव्या दिवशी, मावशी? महिपतीकाका परत आल्यावर काय करायचे?”

“मला पलंगावर निजवायचे. मग चप्पल बी न काढता कपाटापाशी. फडकं भिजवून एकेक पान पुसायचे, अगदी तोंड जवळ नेऊन. आन् त्येला सांगायचे, शालन बरी हाय. घरी आणली बघ. असं.”

दहाव्या दिवशी सकाळी त्या मंगळवेढ्याच्या एका शेतात उभ्या होत्या. हातात महिपतींच्या जुन्या सदऱ्याचं भिजवलेलं फडकं. त्यांनी एक सुरळी झालेलं पान हलकेच पुसलं, त्यावर वाकल्या आणि स्वतःबद्दलच म्हणाल्या, “शालन बरी हाय. घरी आणली बघ.” तासाभरानं ते पान उलगडलं. शेजारची शाळूची ताटं मिटलेलीच होती.

ईशानीनं त्यामागचं कारण शोधलं. झाडांना स्पर्श कळतो, वारा आणि बोट यांतला फरकही कळतो. त्यात बोलताना पानावर पडणारी उबदार वाफ लागत होती. यंत्राचे ब्रश चालवले, पीक हललं नाही. न बोलता पुसलं, तरी नाही. ओलं फडकं, माणसाचा हात आणि तेवढ्या वाक्याएवढा श्वास, या तिन्हींनी मिळून ती गाठ सुटत होती. शब्द कुठलेही चालले असते. पण शालनबाईंना लोकांनी पाहिलं होतं, आणि पाहिलं ते लोक करतात. शाळा बंद ठेवल्या, बाजार बंद ठेवले, अख्खी गावं फडकी घेऊन शिवारात उतरली. लाखो तोंडांनी एका बाईची खुशाली पिकाला सांगितली. त्या वर्षी भाकरी पुन्हा ताटात आली.

ती एक गाठ काढून टाकता येईल का, हेही ईशानीनं पाहिलं. गाठ काढली की पुढच्या सुटेनात, आणि दाणा पोचट राही.

“ऱ्हाऊ दे गं,” शालनबाई म्हणाल्या. “ह्यांच्या एकट्याच्या जिवाला माझी काळजी होती. आता इतकी माणसं करत्यात. मला अजून काय पायजे?” शेंडा नसलेली आमरी त्यांच्यामागं उभी होती. तिची तीनच पानं उरली होती.

तिसऱ्या वर्षी कार्तिकात शालनबाईंचं जुनं दुखणं उलटलं. ईशानीनंच त्यांना मिरजेला नेलं. या वेळी त्या घरी आल्या नाहीत. जवळचं कुणी नव्हतं, तेव्हा अस्थी ईशानीनं पंचगंगेत सोडल्या. कपाटातलं शेवटचं पानही त्यांच्यासोबत दिलं. बातमी कोल्हापूरच्या एका पेपरात चार ओळींत आली, आणि मंगळवेढ्यापर्यंत पोचलीच नाही.

मार्गशीर्षात शाळू थांबला. दहाव्या सकाळी ईशानी त्याच शेतात गेली. बायका, गडी, म्हातारेकोतारे ओळीनं वाकून पानं पुसत होते, आणि शिवारभर तेच चाललं होतं, “शालन बरी हाय, घरी आणली बघ.” शेजारच्या सरीतल्या एका बाईनं तिला ओळखलं.

“डॉक्टर, खरंच हाईत ना वो त्या शालनबाई? बऱ्या हाईत ना? रोज पहिल्या भाकरीला त्यांचं नाव घेतो आम्ही.”

ईशानीनं फडकं बादलीत बुडवून पिळलं. समोरचं पान धरलं, पुसलं, आणि त्यावर तोंड नेलं. दुसरं कुठलंही वाक्य चाललं असतं, हे त्या शिवारात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“शालन बरी हाय,” ती म्हणाली. “घरी आणली बघ.”

“बरं झालं बाई,” शेजारीण म्हणाली, आणि पुढच्या ताटाकडं वळली. बारा वाजेपर्यंत सगळं शिवार उलगडलं होतं.